पिकअप शेडमधली पंगत

रिकाम्या टोपात डाव फिरवायला कुतुबुद्दीनचा साफ नकार होता.

"बाई, दुसरं काय बी सांगा," तो म्हणाला. "रडा म्हणा, रडतो. नाचा म्हणा, नाचतो. पर टोपात काय न्हाय आणि मी आपला ढवळतोय, वास घेतोय, 'मीठ बराबर हाय' म्हणतोय! कुणी वळखीचं बघितलं तर काय म्हणंल? तीस वर्सं लग्नाची जेवणं करणारा माणूस मी."

श्यामलाबाईंनी संहितेतून मान वर केली. "कुतुबुद्दीन, याला अभिनय म्हणतात."

"मग अंबूबाईस्नी द्या की त्यो अभिनय. त्या ढवळतील."

"मी?" अंबूबाई कोपऱ्यातून कडाडल्या. "घरात ढवळतोय त्ये काय कमी पडलं व्हय? हुपरीस्नं एसटीत उभं ऱ्हाऊन यायचं आणि हितं बी टोपच? मला न्हाय जमायचं."

वाचनालयाच्या माडीवर ही तालीम चालली होती, आणि प्रयोग चार दिवसांवर आला होता. बाईंनी डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. हायस्कुलात मराठी शिकवताना दहावी 'ड' च्या वर्गात शिरण्यापूर्वी त्या असाच श्वास घ्यायच्या.

श्यामलाबाई बत्तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन वाईहून कोल्हापुरात आल्या. इथेच नोकरी केली, इथेच निवृत्त झाल्या, तरी समोरची बायडाबाई अजून त्यांना "तुमचं गाव कुठलं म्हणायचं बाई?" असं विचारायची. बाईंचा तोंडवळा परका नव्हता, बोली परकी होती. कोल्हापुरातल्या मुली "मी येतो", "मी जातो" म्हणतात, आणि बाई त्यांना "येते", "जाते" असं दुरुस्त करतात, हा उद्योग अखंड चालू होता. बत्तीस वर्षांत बाईंनी निदान चार हजार मुली दुरुस्त केल्या असतील. त्या चारही हजार आज कोल्हापुरात "मी येतो" म्हणत सुखाने नांदत होत्या.

यजमान गेले, मुलगा वरद पुण्याला नोकरीला गेला, आणि बाईंनी हे नाट्यमंडळ काढलं. सात वर्षं दर हिवाळ्यात एकांकिका स्पर्धा गाठायची आणि हात हलवत परत यायचं, असा मंडळाचा शिरस्ता पडला होता. उत्तेजनार्थसुद्धा कधी मिळालं नव्हतं. यंदाची 'पिकअप शेड' मात्र बाईंनी स्वतः लिहिली होती. एसटीचा संप होतो, रस्त्याकडेच्या पिकअप शेडमध्ये एकमेकांना न ओळखणारी सहा माणसं अडकतात. ज्याच्या पिशवीत जे असेल ते एका टोपात पडतं, सगळे मिळून जेवतात, आणि शेवटी गाडी येते तेव्हा कोणालाच जायचं नसतं. का जायचं नसतं, हे लग्नातून पळालेली नवरी प्रेक्षकांना सांगते. सांगायला तिला तीन पानं लागतात. बाईंचा त्या तीन पानांवर फार जीव होता. बँकेत कॅशिअर असलेली अवंतिका नवरी व्हायची. तिचा अजिबात नव्हता.

आता गंमत बघा. परक्या माणसांची पंगत जिने लिहिली, ती बाई स्वतः मंडळात कधी कोणाबरोबर जेवली नव्हती. तालीम आठला संपायची. आठ वाजून एक मिनिटाने मंडळी डबे उघडायची आणि बाई पर्स उचलायच्या.

"या की बाई जेवाय," कुतुबुद्दीन म्हणायचा.

"चालू द्या तुमचं," म्हणून बाई जिना उतरायच्या.

त्यांना वाटायचं, बोलावतात ते रीत म्हणून. मंडळींना वाटायचं, बाई शाकाहारी, सोवळ्यातल्या, आपल्या डब्यांत कशाला बसतील. कुतुबुद्दीन मंडळात आल्यापासून चार वर्षं दोन्ही बाजूंनी हे सभ्यपणे चाललं होतं.

पण मनातलं सांगायचं तर ते तालमीचे दोन तास बाईंना जीव की प्राण होते. दिवसभरात तेवढे दोनच तास कोणीतरी त्यांच्याशी भांडायचं. घरी भांडायला भिंती होत्या, आणि त्या ऐकून घ्यायच्या.

नेमकं हेच आता जायची वेळ आली होती. दिवाळीत वरद हटून बसला होता. "आई, एकटी किती दिवस राहणार? तिथे तुझं कोण आहे? पुण्याला चल." बाईंनी दोन दिवस टोलवाटोलवी केली आणि तिसऱ्या दिवशी भरीला पडून बोलून बसल्या, "यंदा स्पर्धेत पहिला नंबर आला तर मी कोल्हापूर सोडणार नाही, आणि तू पुन्हा विषय काढायचा नाहीस. नाही आला तर मुकाट्याने येते." वरदने लगेच हातावर हात मारला. मंडळाचा सात वर्षांचा इतिहास त्याला ठाऊक होता. बाईंनी ही पैज मंडळात कोणाला सांगितली नाही. नटांवर उगाच दडपण नको, असं त्या स्वतःला म्हणाल्या.

दडपण सगळं बाईंवर होतं, म्हणून तर त्या टोपावरून त्यांचा आवाज चढला.

"कुतुबुद्दीन, तुमचं सगळं खोटं दिसतंय! परीक्षक काय आंधळे आहेत? रंगमंचावर खरं वागायचं. घरी कसं करता, तसंच करा. एवढंसुद्धा कळत नाही?"

कुतुबुद्दीनने डाव खाली ठेवला. "घरी करतो तसं?"

"अगदी तसंच."

"बराय," तो म्हणाला आणि गप्प झाला. कुतुबुद्दीन गप्प झाला की काळजी करावी, हे त्याच्या बायकोला माहीत होतं. बाईंना नव्हतं.

प्रयोग सोमवारी दुपारी चारला होता, स्पर्धेतला शेवटचा. सभागृह निम्मं भरलं होतं. स्पर्धेचे संयोजक नेर्लेकर एका हातात घड्याळ आणि दुसऱ्या हातात नियमावली घेऊन विंगेत उभे होते. पंचेचाळीस मिनिटं झाली की लाल दिवा. लाल दिव्यानंतर एक वाक्य जरी आलं तरी प्रयोग बाद. नेर्लेकरांनी आजवर असे नऊ प्रयोग बाद केले होते आणि त्या नऊही प्रयोगांची नावं त्यांना तोंडपाठ होती.

वरद सकाळीच पुण्याहून आला होता. "आई, ऑल द बेस्ट," म्हणाला आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसला. घरी त्याने आल्या आल्या भांड्यांची दोन खोकी भरूनही ठेवली होती.

मंडळी सामान आत आणू लागली तेव्हा बाईंना एक गोष्ट खटकली.

"रिकामं टोप दोघांनी का उचललंय?"

"जड हाय, बाई," कुतुबुद्दीन म्हणाला.

"रिकामं असून?"

"पितळी हाय."

ते खरंच पितळी होतं, त्यामुळे बाई पुढे बोलल्या नाहीत. शिवाय तिसरी घंटा झाली होती.

पहिली वीस मिनिटं दृष्ट लागण्यासारखी गेली. अंबूबाई टाळीच्या वाक्याला टाळ्या घेत होत्या. अवंतिका एकही ओळ चुकली नाही. यंदा जमतंय की काय, असं विंगेत बाईंना पहिल्यांदाच वाटलं. मग जेवणाचा प्रसंग आला. तांबड्या कागदाआड दिवा लावून केलेल्या चुलीवर कुतुबुद्दीनने टोप ठेवलं आणि झाकण काढलं.

भसकन वाफ वर आली.

प्रेक्षकांनी टाळी वाजवली. काय ती वाफ, काय ते तंत्र! पण वाफेपाठोपाठ वास आला. तांबडी चटणी, लसूण, वर खोबऱ्याचं वाटण, आणि त्यात रटरटून शिजलेला अख्खा मसूर. हा वास पहिल्या रांगेवरून दुसरीवर आणि तिथून थेट बाल्कनीपर्यंत गेला. दुपारी चारला कोल्हापूरकर माणसाचं जेवण जिरलेलं असतं.

"हे काय आहे?" विंगेतून बाई खालच्या आवाजात किंचाळल्या.

"घरी करतो तसं," कुतुबुद्दीन ओठ न हलवता म्हणाला. तेवढा अभिनय त्याला जमायचा.

"अहो, पण एवढं?"

"सहा माणसांचं मला येतच न्हाय बाई. हात पन्नासाच्या खाली जात न्हाय."

अंबूबाईंनी गाठोडं सोडलं. संहितेप्रमाणे त्यातून कागदाच्या दोन भाकऱ्या निघायच्या होत्या. निघाली ती हुपरीच्या अख्ख्या गल्लीने सकाळपासून थापलेली चवड. म्हणजे कट पूर्वनियोजित होता, आणि सगळे सामील होते.

तरीही अजून काही बिघडलं नव्हतं. सहा जणांनी जेवायचं, वाक्यं म्हणायची, झालं. पण कुतुबुद्दीनने भाकरी मोडली, पहिला घास उचलला आणि सवयीने समोर पाहिलं.

समोर, पहिल्या रांगेच्या टोकाला, अप्पा बसले होते. अप्पा गारगोटीकडचे. सकाळी कोल्हापुरात डोळे दाखवायला आले होते, पाचच्या गाडीला वेळ होता, इथे फुकटात पंखा मिळतो म्हणून आत शिरलेले. नाटकाशी त्यांचा संबंध एवढाच. सकाळच्या एका चहावर असलेला हा म्हातारा कुतुबुद्दीनच्या हातातल्या घासाकडे टक लावून बघत होता. दोघांची नजरानजर झाली.

आता आपल्याकडे जेवणाऱ्याची आणि बघणाऱ्याची नजर भिडली, की पुढचं कोणाच्या हातात राहत नाही. पंतप्रधान जरी रस्त्याने चालले असते तरी कुतुबुद्दीनच्या तोंडून तेच निघालं असतं.

"या, पावणं, जेवाय."

"चालू दे, चालू दे," अप्पा खुर्चीतूनच म्हणाले. रीतच आहे ती.

प्रेक्षक हसले. अजूनही वेळ गेली नव्हती. पहिल्या बोलावण्याला कोणी येत नसतं.

"लाजताय कशाला? या की," अंबूबाई म्हणाल्या.

"नगं, मगाशीच खाल्लंय," अप्पांनी सरळ थाप मारली.

"अंबूबाई, तिसऱ्यांदा नको!" बाई विंगेतून ओरडल्या. बत्तीस वर्षांत एवढं तरी त्यांना कळलं होतं, की दोनदा बोलावणं ही रीत आणि तिसऱ्यांदा बोलावणं हा हुकूम.

पण कुतुबुद्दीन उठून उभाच राहिला होता. "शपथ हाय माझी. भाकरी मोडलीया, आता न्हाय म्हणू नका."

"आता एवढं म्हणताय तर..." अप्पा उठले. त्यांनी परीक्षकांच्या टेबलाशेजारी चपला काढल्या, पायऱ्या चढून वर आले आणि भर प्रकाशात उभे राहून विचारलं, "हात कुठं धुवायचं?"

नवरीच्या शालूतल्या अवंतिकेने तांब्यातून त्यांच्या हातावर पाणी घातलं. ती बिचारी दुसरं काय करणार होती?

अप्पा बसले, पण जेवेनात.

"काय झालं आता?" कुतुबुद्दीनने विचारलं.

"त्या बाई बसल्यात न्हवं शेजारी. वळख न्हाय, पर मगाशी मला पाणी दिल्यात. त्या तशाच आणि मी हितं जेवायचं, हे बरं दिसतंय व्हय?"

मग त्या बाईंना बोलावणं आलं. त्यांच्याबरोबर त्यांची जाऊ होती. जावेच्या मांडीवर पोर होतं. दुसऱ्या रांगेत पोलीस खात्यातले दोघं जण होते, हे सगळं बघून "आम्ही काय घोडं मारलंय?" असं त्यांच्या चेहऱ्यावर आलेलं अंबूबाईंना दिसलं. आणि एकदा पंगत बसली की तिथे कोणाला नाही म्हणायचं नसतं. पाचच मिनिटांत पिकअप शेडमध्ये पंचवीस माणसं मांडी घालून बसली, आणि शेड पुरेना म्हणून पंगत झाडापर्यंत गेली. झाड पुठ्ठ्याचं होतं. ते एका पोलिसाने धरून ठेवलं.

नेर्लेकर धावत आले. "हे नियमबाह्य आहे! प्रत्येकाचं नाव नोंदवून घेणार मी! तक्रार जाणार!" त्यांनी वही काढली, आधी नटांपासून सुरुवात करून वर बसलेल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि मग पायरीवर उभे राहून वर चढणाऱ्या प्रत्येकाला अडवू लागले. "नाव? गाव? इथे सही."

लोक हौसेने सह्या करू लागले. "नावं लिहून घ्यायला माणूस बी बसवलाय," एक जण दुसऱ्याला म्हणाला. "यवस्था झ्याक हाय."

बाई पडद्याच्या दोरीकडे धावल्या. दोरीजवळ कोणी नव्हतं. पडदा ओढणारा गडी पंगतीत पाचवा बसला होता. "आलो, बाई," त्याने भरल्या तोंडाने हात केला. "येवढी भाकरी संपवून आलो."

तेवढ्यात अंबूबाईंची नजर तिसऱ्या रांगेत गेली. "अगं बया! त्यो बाईंचा ल्योक न्हवं का? ए वरद! वर ये की रं!"

"नको नको, माझं डाएट आहे," वरद म्हणाला. पण ते म्हणेपर्यंत शेजारच्या दोघांनी त्याला काखेत धरून उभा केला होता. पायरीवर त्याने नेर्लेकरांच्या वहीत इंग्रजीत सही केली.

आता बाईंचा बांध फुटला. सात वर्षं, तीन पानं, पहिला नंबर, घर, सगळं त्या टोपात चाललेलं त्यांना दिसत होतं. संहितेची गुंडाळी हातात घेऊन त्या तडक रंगमंचावर गेल्या आणि कुतुबुद्दीनसमोर उभ्या राहिल्या. "बंद करा हे! आत्ताच्या आत्ता!"

प्रेक्षक सरसावून बसले. या बाईंचा प्रवेश जबरदस्त होता.

कुतुबुद्दीनने डाव हातातच ठेवून वर पाहिलं. तो दबून बोलला, पण पुढच्या माइकने ते सगळं उचललं.

"बाई, वरडा मागनं. आधी बसा. मटण मला ह्येच्यापरीस बरं जमतं, पर आज सोमवार. आणि तुम्हाला मटण चालत न्हाय. म्हणून नवं टोप आणलं, कुणाचं काय लागलेलं न्हाय त्याला, आणि मसूर केला. चार वर्सं झाली, रोज म्हणतोय 'या जेवाय'. तुम्ही एक घास आमच्यात खाल्ला न्हाय. म्हटलं, नाटकात तरी बसतील."

बाईंच्या मनात चार वर्षांचे सगळे "चालू द्या तुमचं" एकदम गोळा झाले. अंबूबाई सरकल्या आणि त्यांनी आपल्या शेजारची जागा हाताने झाडली. बाई बसल्या. पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मसूर कोल्हापूरचा होता, त्यामुळे कोणी कारण विचारलं नाही. अंबूबाईंनी नुसता पाण्याचा पेला पुढे केला.

भानावर होती ती एकटी अवंतिका. बँकेत काम करणाऱ्या मुलीचं घड्याळाकडे लक्ष असतं. लाल दिव्याला एक मिनिट उरलं होतं आणि तिची तीन पानं अजून बाकी होती. तिने क्षणभर विचार केला, तिन्ही पानं गिळली आणि शेवटचं वाक्य ठोकून दिलं, "गाडी आली!"

आतून ध्वनिफितीवरचा एसटीचा भोंगा वाजला.

अप्पा ताडकन उठले. "कुठली? गारगोटीची?"

ते जिन्याकडे दोन पावलं गेलेसुद्धा. मग थांबले. मागे वळून पंगतीकडे, आपल्या अर्ध्या भाकरीकडे, पाणी देणाऱ्या बाईंकडे आणि त्या रडणाऱ्या बाईंकडे त्यांनी पाहिलं, आणि परत येऊन मांडी घातली.

"जाऊ द्या तिकडं," ते म्हणाले. "सहाला दुसरी हाय की."

तेवढ्यात गड्याची भाकरी संपली आणि पडदा पडला. दोन सेकंदांनी लाल दिवा लागला. बाहेर टाळ्या थांबेनात.

रंगपटात बाई खुर्चीवर बसून होत्या. टाळ्यांचं त्यांना कौतुक नव्हतं. सात वर्षांत त्या काही शिकल्या असतील तर हे, की टाळ्यांना नंबर मिळत नाही. त्यातून नेर्लेकर वही घेऊन परीक्षकांच्या खोलीत गेलेले त्यांनी पाहिले होते.

वरद तोंड पुसत आत आला. "आई, वाईट वाटून घेऊ नकोस. उद्या दुपारी निघूया."

"निघूया," बाई म्हणाल्या.

"कुठं?" अंबूबाईंनी विचारलं. आणि मग वरदने ती पैज सगळ्यांना सांगितली.

"म्हंजे," कुतुबुद्दीन म्हणाला, "माझ्या मसुरापायी तुम्ही जाणार?" आणि तो तोंड फिरवून उगाच टोप पुसत बसला. ते आधीच रिकामं आणि लख्ख होतं.

सात वाजता निकाल लागला. मुख्य परीक्षक सांगलीचे, जाड भिंगांचे, मोजकं बोलणारे गृहस्थ होते. "अभिनयाचं प्रथम पारितोषिक," त्यांनी वाचलं, "'पिकअप शेड'मधल्या गारगोटीच्या म्हाताऱ्याला. पत्रकात नाव नाही. एवढा सहज अभिनय मी तीस वर्षांत पाहिला नाही. आणि एकांकिकेचा पहिला नंबर, 'पिकअप शेड'. प्रेक्षकांत बसवलेली माणसं एकेक करून वर आणायची कल्पना आणि त्या समूहाचं दिग्दर्शन, केवळ अप्रतिम!"

मंडळी नाचायलाच लागली. वरदचं तोंड उघडं राहिलं. बाई जिना चढून माइकपाशी गेल्या. हातात चषक आला. आता गप्प बसायचं, नमस्कार करायचा आणि खाली उतरायचं, एवढंच काम होतं. घर वाचलं होतं, मंडळ वाचलं होतं. पण मराठीच्या बाई त्या. चार हजार मुलींना ज्यांनी खरं बोलायला शिकवलं, त्यांना ऐन वेळी खोटं कुठून सुचणार?

"हा चषक माझा नाही," बाई म्हणाल्या. "मी काहीही बसवलं नव्हतं. ते लोक खरे प्रेक्षक होते. ते आजोबा खरंच गारगोटीचे. मी विंगेत पडदा पाडा म्हणून ओरडत होते." आणि त्यांनी चषक टेबलावर ठेवला.

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि सावरून घेतलं. "बाई, त्यांनी चपला माझ्या टेबलाशेजारी काढल्या होत्या. नट चपला घालूनच वर जातो. आम्हाला कळलं होतं. आम्ही जे दिसलं त्याला गुण दिले."

"पण नियमाचं काय?" नेर्लेकर उसळले. त्यांच्या हातात वही होती.

"काय आहे नियम? किती कलाकार चालतात?"

नेर्लेकरांनी नियमावली पुढून मागे आणि मागून पुढे चाळली. "कमीत कमी दोन," ते पडेल आवाजात म्हणाले. "जास्तीत जास्त लिहिलेलंच नाही. आजवर कोणी एवढे आणले नव्हते." मग त्यांचा चेहरा उजळला. "पण नियम एकोणीस! जो जो रंगमंचावर आला, तो कलाकार. आणि अंतिम फेरीत कलाकारांचा संच तोच पाहिजे. एक जरी माणूस बदलला किंवा कमी आला, तर नंबर रद्द!" त्यांनी वही उघडली. "एकूण एकोणचाळीस. विंगेतून तडक आलेल्या बाईंचं नाव मीच घातलंय, बाकी सगळ्यांच्या सह्या आहेत."

अंतिम फेरी पुढच्या महिन्यात सांगलीला होती. नेर्लेकरांना वाटलं, जिंकलो. पण खाली अंबूबाईंनी तोवर बोटं मोजायला सुरुवातही केली होती. "पोलीस दोघं वळखीचं झाल्यात. त्या जावा जावा आमच्या हुपरीच्याच निघाल्या. गारगोटीला उद्या कुतुबुद्दीन जाईल."

वरदने नेर्लेकरांच्या खांद्यावरून वहीत डोकावून पाहिलं. अप्पा सातवे होते. चौतिसावं नाव त्याचं होतं.

"सही कशाला केलीस?" बाईंनी विचारलं.

"मला वाटलं, पाहुण्यांची वही आहे."

"रविवारी सकाळी आठला तालीम. उशीर चालणार नाही."

"आई, मी पुण्याला असतो! आणि मी तुला न्यायला आलो होतो."

"मी कशी येणार?" बाई म्हणाल्या. त्यांनी चषक टेबलावरून परत उचलला होता आणि तो काखेत घट्ट धरला होता. "मीसुद्धा यादीत आहे. पस्तिसावी. तुझ्या खालोखाल."

वरद फोन घेऊन बाहेर आला. त्याने ऋताला, म्हणजे बायकोला, फोन लावला. खोलीचा पडदा, देवघराची जागा, सगळी तयारी तिने करून ठेवली होती.

"अगं, आई येत नाहीये... हो, नंबर आला... नाही, उद्या मी एकटाच येतोय. आणि आता दर रविवारी मलाच इकडे यायला लागणार आहे... महिनाभर... अगं, नाही म्हणता येत नाही, एकोणचाळीस माणसांचा प्रश्न आहे." तिकडून बराच वेळ बोलणं चाललं. वरदने आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकत नाही याची खात्री केली, आणि भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाला, "तसं नाही गं. पार्ट हाय मला."